आई-बाबा सहा महिने सोलापुरात, सहा महिने अमेरिकेत. ग्रीन कार्ड टिकते का? समजून घ्या मुदत, नूतनीकरण आणि दिवसांचे गणित

दिवाळीला सोलापुरात यायचे, जानेवारीत सिद्धेश्वर यात्रेचा गड्डा गाठायचा, हुरडा खायचा आणि एप्रिलमध्ये पारा चाळिशीच्या पुढे गेला की मुलाकडे अमेरिकेला निघायचे. मुले परदेशात स्थायिक झालेल्या अनेक निवृत्त आई-वडिलांचे वर्ष आता असेच दोन देशांत विभागलेले असते. मुलाने किंवा मुलीने अमेरिकेचे नागरिकत्व घेतले, आई-वडिलांसाठी अर्ज केला आणि ग्रीन कार्ड हातात आले. आता व्हिसाची कटकट नाही, असेच घरात सगळ्यांना वाटते.

खरी कटकट मात्र इथूनच सुरू होते. ग्रीन कार्ड हा ये-जा करण्याचा पास नाही, तो कायम वास्तव्याचा परवाना आहे. त्यामुळे 'तुम्ही नक्की राहता कुठे?' हा प्रश्न कार्डधारकाला कधीही विचारला जाऊ शकतो. मार्च २०२५ मध्ये हिवाळा भारतात काढून परतणाऱ्या ज्येष्ठ कार्डधारकांची अमेरिकी विमानतळांवर कसून चौकशी होत असल्याच्या आणि कार्ड परत करण्यासाठी दबाव येत असल्याच्या बातम्या आल्या. तेव्हापासून अनेक घरांतल्या व्हिडिओ कॉलवर हाच विषय आहे. नियम नेमके काय सांगतात, ते पाहू.

कार्डाची मुदत वेगळी, दर्जा वेगळा

सर्वाधिक गोंधळ याच ठिकाणी होतो. नेहमीच्या ग्रीन कार्डावर १० वर्षांची मुदत छापलेली असते. ही मुदत त्या प्लास्टिकच्या कार्डाची आहे. कार्डाची मुदत संपली म्हणून कायम वास्तव्याचा दर्जा आपोआप जात नाही.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. कार्डावर अजून सहा वर्षे शिल्लक आहेत, म्हणून दर्जा सुरक्षित आहे असेही नाही. तुम्ही अमेरिकेतले घर सोडून कायमचे सोलापुरात राहायला आलात, असे अधिकाऱ्यांचे मत झाले, तर कार्ड वैध असतानाही दर्जा धोक्यात येतो.

१८० दिवस आणि एक वर्ष

अमेरिकेबाहेरच्या सलग मुक्कामाचे तीन टप्पे लक्षात ठेवा.

• १८० दिवसांपर्यंत : परत येताना साधारणपणे 'घरी परतणारा रहिवासी' म्हणून पाहिले जाते. प्रश्न विचारले जाऊ शकतात.

• १८० दिवसांपेक्षा जास्त, पण एक वर्षाच्या आत : कार्डावर प्रवेश करता येतो. मात्र कायद्याच्या नजरेत तुम्ही नव्याने प्रवेश मागणारे ठरता. चौकशी वाढते. पुढे नागरिकत्व घ्यायचे असेल, तर सलग वास्तव्यात खंड पडल्याचे गृहीत धरले जाते.

• एक वर्ष किंवा जास्त : नुसते ग्रीन कार्ड प्रवेशासाठी चालत नाही. री-एंट्री परमिट किंवा वकिलातीकडून वेगळा व्हिसा लागतो.

आता हे गणित सोलापूरच्या कॅलेंडरवर मांडू. समजा, जुळे सोलापुरातील एक निवृत्त शिक्षक दांपत्य २५ ऑक्टोबरला अमेरिकेतून निघाले. लीप वर्ष नसेल, तर त्यांचा १८० वा दिवस २३ एप्रिलला येतो. पण घरात १० मेचे लग्न निघाले आणि मुक्काम १५ मेपर्यंत लांबला, तर दिवस झाले २०२. एका लग्नाने त्यांना पहिल्या टप्प्यातून दुसऱ्या टप्प्यात नेले. कार्ड गेले असे नव्हे, पण विमानतळावरच्या प्रश्नांची तयारी आता जास्त हवी.

'सहा महिन्यांत एकदा जाऊन आलो की झाले' हा गैरसमज

हा सल्ला जवळपास प्रत्येक फॅमिली ग्रुपवर सापडतो. तो अर्धाच बरोबर आहे. कायदा फक्त दिवस मोजत नाही, तो हेतू पाहतो. परदेशातला मुक्काम 'तात्पुरता' होता का, हा खरा प्रश्न असतो.

अमेरिकेच्या इमिग्रेशन अपील मंडळाने १९८८ मध्ये 'हुआंग' प्रकरणात हेच स्पष्ट केले. परदेशात कुटुंबासह राहायचे आणि अधूनमधून अमेरिकेत थोड्या दिवसांची फेरी मारायची, एवढ्याने कायम वास्तव्य सिद्ध होत नाही. वर्षातले दहा महिने सोलापुरात आणि दोन महिने नातवंडांजवळ, असे चार-पाच वर्षे चालले तर अडचण येऊ शकते, मग एकही मुक्काम वर्षभराचा नसला तरी.

हेतू दाखवायला कागद लागतात. अमेरिकेतला पत्ता, तिथले बँक खाते, स्टेट आयडी किंवा ड्रायव्हिंग लायसन्स, आरोग्य विमा, नियमित डॉक्टर, भरलेले टॅक्स रिटर्न, परतीचे तिकीट. ज्येष्ठांची गोची अशी, की घर मुलाचे, गाडी सुनेची, बिले मुलाच्या नावावर. आई-वडिलांच्या नावावर त्या देशात एकही कागद नसतो. त्यामुळे तिथे पोहोचल्यावर पहिल्याच महिन्यात स्वतःच्या नावाचा स्टेट आयडी आणि बँक खाते करून घेणे शहाणपणाचे.

नूतनीकरण कसे करायचे?

१० वर्षांच्या कार्डासाठी 'आय-९०' हा अर्ज आहे.

• मुदत संपण्याच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो.

• एप्रिल २०२४ च्या दरपत्रकानुसार शुल्क ऑनलाइन ४१५ डॉलर, कागदी अर्जासाठी ४६५ डॉलर.

• अर्जानंतर मिळणाऱ्या पावतीने जुन्या कार्डाची वैधता ३६ महिन्यांनी वाढते. सप्टेंबर २०२४ पासून हा नियम आहे. प्रवासात जुने कार्ड आणि ही पावती दोन्ही सोबत ठेवा.

• बोटांचे ठसे देण्यासाठी बोलावणे आले, तर ते अमेरिकेतल्या केंद्रावरच असते. पत्र आणि नवे कार्ड अमेरिकेतल्या पत्त्यावर जाते.

म्हणूनच नूतनीकरणाचा अर्ज तिकडच्या मुक्कामात करावा. सोलापुरात असताना मुदत जवळ आली असेल, तर कार्ड संपण्याआधी आणि निघाल्यापासून वर्षाच्या आत परतून अर्ज करणे हा सरळ मार्ग. अर्ज न करताच भारतात असताना मुदत संपली, तर प्रवासाआधी वकिलातीशी संपर्क साधावा. कार्ड हरवले किंवा चोरीला गेले, तर विमानात बसण्यापुरता कागद मिळवण्यासाठी 'आय-१३१ए' हा अर्ज वकिलातीकडे करता येतो.

मुक्काम लांबणार हे आधीच माहीत असेल तर?

गुडघ्याची शस्त्रक्रिया, घराचे बांधकाम, जमिनीचा वाद, वृद्ध आईची सेवा. वर्षभरापेक्षा जास्त राहावे लागेल अशी शंका असेल, तर निघण्यापूर्वी री-एंट्री परमिट घ्या. त्यासाठी 'आय-१३१' अर्ज आहे, एप्रिल २०२४ च्या दराने शुल्क ६३० डॉलर.

यातली मेख अशी : अर्ज करताना तुम्ही प्रत्यक्ष अमेरिकेत असायला हवे. सोलापुरात येऊन हा अर्ज करता येत नाही. अर्ज आणि बायोमेट्रिक झाल्यावर मात्र निघता येते आणि परमिट वकिलातीतून घेण्याचा पर्याय अर्जात निवडता येतो. परमिट जास्तीत जास्त दोन वर्षांचे असते, त्याला मुदतवाढ नाही, नवे घ्यायचे तर पुन्हा अमेरिकेत जाऊनच अर्ज करावा लागतो. गेल्या पाच वर्षांपैकी चारपेक्षा जास्त वर्षे बाहेर काढली असतील, तर साधारणपणे एकाच वर्षाचे मिळते.

परमिट नसताना वर्ष उलटले, तर उरतो 'एसबी-१' म्हणजे परतणाऱ्या रहिवाशाचा व्हिसा. त्यात दोन गोष्टी पटवून द्याव्या लागतात : निघतानाच परतायचा हेतू होता आणि मुक्काम आपल्या हाताबाहेरच्या कारणाने लांबला. कोविडमध्ये अनेक कुटुंबांवर ही वेळ आली. मार्च २०२० मध्ये भारतातून नियमित आंतरराष्ट्रीय विमाने थांबली, ती पूर्ववत सुरू व्हायला २७ मार्च २०२२ उजाडले. मधल्या काळात विशेष विमाने होती, त्यामुळे 'अडकलो होतो' एवढे सांगून भागत नव्हते. आजारपण असेल तर डॉक्टरांचे तारखांसह कागद, रद्द झालेली तिकिटे, सगळे जपून ठेवा.

विमानतळावर कार्ड परत मागितले तर?

'आय-४०७' हा ग्रीन कार्ड स्वेच्छेने सोडण्याचा अर्ज आहे. यातला 'स्वेच्छेने' हा शब्द महत्त्वाचा. चौदा-पंधरा तासांच्या प्रवासाने थकलेले, इंग्रजीची सवय नसलेले आजी-आजोबा समोर ठेवलेल्या कागदावर सही करून मोकळे होतात आणि घोळ होतो.

लक्षात ठेवा :

• न समजलेल्या कोणत्याही कागदावर सही करू नका. इंग्रजी अडत असेल तर दुभाषी मागा.

• सही नाकारल्यास प्रकरण इमिग्रेशन न्यायाधीशांसमोर नेण्याचा हक्क आहे. दर्जा गेला की नाही, हे ठरवण्याची जागा ती आहे.

• उत्तरे खरी आणि थोडक्यात द्या. सोलापुरात घर असणे हा गुन्हा नाही, ते लपवण्याची गरज नाही.

• मुलाचा फोन नंबर आणि पत्ता कागदावर लिहून जवळ ठेवा. फोनची बॅटरी नेमकी तेव्हाच संपते.

पेन्शन, एफडी आणि कर

ग्रीन कार्डधारक अमेरिकेच्या करकायद्यात रहिवासी ठरतो. म्हणजे सोलापुरातली पेन्शन, घरभाडे, एफडीचे व्याज हे सगळे तिथल्या रिटर्नमध्ये दाखवावे लागते. भारतातल्या सगळ्या खात्यांची मिळून शिल्लक वर्षात एकदाही १० हजार डॉलरच्या वर गेली, तर त्याचे वेगळे विवरणपत्र भरावे लागते. निवृत्तीची रक्कम बँकेत ठेवलेल्या बहुतेकांना ही मर्यादा सहज लागू होते. कर वाचवण्यासाठी 'अनिवासी' म्हणून रिटर्न भरले, तर दर्जा सोडल्याचा तो पुरावा ठरू शकतो.

भारतातही दिवस मोजले जातात. आर्थिक वर्षात १८२ दिवस किंवा जास्त इथे राहिलात, तर भारतातले करनिवासी ठरता. अनिवासी भारतीयाचे इथले उत्पन्न १५ लाखांच्या वर असेल, तर काही प्रकरणांत ही मर्यादा १२० दिवसांची आहे. शिवाय नोव्हेंबरचा हयातीचा दाखला विसरू नका. आधारशी जोडलेल्या मोबाइल ॲपवर चेहरा दाखवून तो देता येतो.

इतर देशांत काय?

• संयुक्त अरब अमिराती : सलग १८० दिवसांपेक्षा जास्त बाहेर राहिल्यास साधा रेसिडेन्स व्हिसा रद्द होतो. गोल्डन व्हिसाधारकांना यातून सूट आहे.

• कुवेत, कतार : इथेही सहा महिन्यांचीच मर्यादा. नूतनीकरण बहुधा कंपनीच्या हाती असल्याने रजेवर येण्यापूर्वी इकाम्याची तारीख पाहा.

• कॅनडा : पाच वर्षांत ७३० दिवस कॅनडात हवेत, सलग नसले तरी चालतात. पीआर कार्ड संपलेले असताना बाहेर असाल, तर परतीसाठी वेगळा प्रवास दस्तऐवज घ्यावा लागतो.

• ऑस्ट्रेलिया : कायम व्हिसावर ये-जा करण्याची सोय पाच वर्षांची. नंतर रेसिडेंट रिटर्न व्हिसा. गेल्या पाचपैकी दोन वर्षे तिथे राहिला असाल, तर तो पुन्हा पाच वर्षांचा मिळू शकतो.

• ब्रिटन : कायम वास्तव्य सलग दोन वर्षांपेक्षा जास्त बाहेर राहिल्यास संपते. आता प्लास्टिक कार्डाऐवजी ई-व्हिसा आहे, त्यामुळे नवा पासपोर्ट काढला की तो ऑनलाइन खात्याला जोडायलाच हवा.

• जर्मनी : बहुतेक परवाने सहा महिने बाहेर राहिल्यास संपतात, ब्लू कार्डला १२ महिने. जास्त काळ हवा असेल तर निघण्यापूर्वीच स्थानिक परदेशी नागरिक कार्यालयाची लेखी परवानगी घ्या.

सोलापुरातून निघण्यापूर्वी

निघाल्याची आणि पोहोचल्याची तारीख एका वहीत किंवा एक्सेल शीटमध्ये लिहा, १८० वा दिवस लाल रंगात दाखवा. भारतीय पासपोर्टची मुदत तपासा. सोलापूरचे काम पुणे विभागीय पासपोर्ट कार्यालयाच्या अखत्यारीत येते, ऐन उन्हाळी गर्दीत धावपळ नको. जुना पासपोर्ट फेकू नका, त्यातले शिक्के हाच तुमच्या दिवसांचा पुरावा आहे.

मग कार्ड ठेवायचे की सोडायचे?

हा प्रश्न घरात एकदा स्वच्छपणे बोलून घ्यावा. पर्याय तीन आहेत.

पहिला, खरोखर तिकडे जास्त राहायचे आणि नागरिकत्व घ्यायचे. त्यासाठी साधारण पाच वर्षांचे सलग वास्तव्य आणि त्यातले ३० महिने प्रत्यक्ष मुक्काम लागतो. मात्र भारतीय नागरिकत्व संपते. ओसीआय कार्डावर आयुष्यभर येता येते, पण मतदान करता येत नाही. आधीची शेती ठेवता येते, नवी विकत घेता येत नाही.

दुसरा, कार्ड ठेवायचे आणि दिवस काटेकोर पाळायचे.

तिसरा पर्याय कुणी फारसा सांगत नाही : मन सोलापुरातच रमत असेल, तर स्वतःहून कार्ड परत करायचे आणि व्हिजिटर व्हिसासाठी अर्ज करायचा. भारतीयांना हा व्हिसा बहुधा १० वर्षांचा मिळतो आणि एका भेटीत साधारण सहा महिने राहता येते. तो मिळेलच याची हमी नसते, पण नातवंडांच्या भेटी होतात आणि मेमधले लग्न गाठताना दिवस मोजत बसावे लागत नाहीत.

मुलांनी आई-वडिलांसाठी अर्ज प्रेमाने केलेला असतो, म्हणून कार्ड सोडायचे बोलायला आई-वडील कचरतात. त्यांना नेमके कुठे राहायचे आहे, हे मुलांनीच आधी विचारलेले बरे.

*(नियम आणि शुल्क बदलत असतात. प्रवासापूर्वी संबंधित देशाच्या अधिकृत संकेतस्थळावर खात्री करा. मुक्काम १८० दिवसांपुढे गेला असेल, तर इमिग्रेशन वकिलाचा सल्ला घ्या.)*