दुर्बिणीची शस्त्रक्रिया

मनुष्यदेहातील सर्व अवयवांमध्ये जठर हा मोठा कष्टाळू अवयव आहे. खाल्लेले अन्न घुसळणे, त्यात पाचकरस मिसळणे आणि ते पातळ करून आतड्याकडे पाठविणे, हे त्याचे नित्याचे काम. परंतु या जठरात व्रण पडला अथवा गाठ वाढू लागली, तर ती बाहेरून दिसत नाही. त्वचेचा रोग वैद्याला डोळ्यांनी पाहता येतो. पोटाचा रोग मात्र भिंतीआड दडून बसलेला असतो. ती भिंत न पाडता आत कसे पाहावे आणि आतला बिघाड कसा दूर करावा, हा वैद्यकशास्त्रापुढील जुना प्रश्न होता.

प्रारंभी भिंत पाडण्यावाचून गत्यंतरच नव्हते. १८४६ साली ईथरची भूल प्रचारात आली आणि १८६७ साली जोसेफ लिस्टर यांनी जखमेतील जंतूंचा नाश करण्याची रीत प्रसिद्ध केली. त्यानंतरच पोट उघडण्याचे धैर्य शल्यविशारदांना झाले. १८८१ साली व्हिएन्ना येथे थिओडोर बिलरोट यांनी जठराचा कर्करोगाने ग्रासलेला भाग कापून काढला आणि उरलेला भाग आतड्याला जोडला. रुग्ण स्त्री शस्त्रक्रियेतून वाचली. पण काही महिन्यांनी त्याच रोगाने तिचा अंत झाला. तरीही एक नवा मार्ग खुला झाला होता. मात्र या मार्गाने जाताना पोटावर वीतभर लांबीचा छेद घ्यावा लागे. आतला रोग बरा होई. पण तो छेद भरून येण्यासाठी रुग्णाला दीर्घकाळ वेदना सोसाव्या लागत.

भिंत पाडावयाची नाही, तर दारातून का डोकावू नये? १८६८ साली जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे अडोल्फ कुस्मौल यांनी हाच विचार केला. तलवार गिळण्याचा खेळ करणाऱ्या एका माणसाच्या घशातून त्यांनी सरळ नळी जठरापर्यंत उतरविली. नळी पोहोचली, परंतु आत पुरेसा उजेड नेता आला नाही. पुढे १९५७ साली बेसिल हिर्शोविट्झ यांनी काचेच्या केसासारख्या बारीक तंतूंची जुडी करून वळणारी दुर्बीण सिद्ध केली. वाकलेल्या तंतूंमधूनही प्रकाश व चित्र एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाते. हे उपकरण इतरांच्या घशात घालण्यापूर्वी त्यांनी प्रथम स्वतःच्याच घशात घातले.

तोंडावाटे जठराच्या आत पाहता आले, तरी जठराबाहेरचे अवयव अदृश्यच राहिले. त्यासाठी पोटालाच लहानसे छिद्र पाडून दुर्बीण आत घालण्याची युक्ती निघाली. १९०१ साली गेऑर्ग केलिंग यांनी ती कुत्र्यावर करून पाहिली, तर १९१० साली स्वीडनमधील हान्स क्रिश्चन याकोबेउस यांनी माणसांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. तथापि पाहणे वेगळे आणि कापणे वेगळे. १९८० साली जर्मनीतील कील येथे कुर्ट झेम यांनी अशा छिद्रांतून आंत्रपुच्छ काढले, तेव्हा कौतुक होण्याऐवजी त्यांना वैद्यकव्यवसाय करण्यास मनाई करावी, अशी मागणी झाली! १९८५ साली एरिख म्युहे यांनी याच रीतीने पित्ताशय काढले. त्यांच्याही वाट्याला उपहासच आला. परंतु रुग्ण लवकर बरे होऊ लागले आणि विरोध मावळत गेला. १९९२ साली जर्मन शल्यविशारदांच्या संस्थेने म्युहे यांचा सन्मान केला. दरम्यान १९९१ साली जपानमध्ये जठराच्या कर्करोगावरही याच दुर्बिणीच्या साह्याने शस्त्रक्रिया झाली होती.

ही शस्त्रक्रिया कशी करतात? प्रथम रुग्णाला भूल देतात. नंतर बहुधा बेंबीजवळ लहान छेद घेऊन पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरतात. जमिनीवर पडलेला तंबू खांब लावताच उभा राहतो आणि आत वावरायला जागा होते, तसेच येथे घडते. हाच वायू का? कारण तो पेट घेत नाही, आणि रक्तात चटकन विरघळून श्वासावाटे बाहेर पडतो. मग ५ ते १२ मिलिमीटर रुंदीच्या काही छेदांतून दुर्बीण, चिमटे व कात्र्या आत जातात. दुर्बिणीला जोडलेला कॅमेरा आतले दृश्य मोठे करून पडद्यावर दाखवितो. शल्यविशारद पडद्याकडे पाहत हात चालवितो. होडीच्या वल्ह्याप्रमाणे, मूठ उजवीकडे नेली की आतले टोक डावीकडे जाते. म्हणून हा हात दीर्घ सरावाने घडवावा लागतो.

भारतात या विद्येचा पाया घालणाऱ्यांत मुंबईचे डॉ. तेहमटन उडवाडिया यांचे नाव अग्रगण्य आहे. १९७२ पासून ते दुर्बिणीने पोटाच्या रोगांचे निदान करीत. १९९० साली मुंबईच्या सर ज. जी. रुग्णालयात त्यांनी या रीतीने पित्ताशय काढले. भारतातील अशी ती पहिली शस्त्रक्रिया होय. या सार्वजनिक रुग्णालयात गोरगरीब लोक येतात. ज्याचे घर रोजच्या मजुरीवर चालते, त्याला महिनाभर अंथरुणावर पडून राहणे परवडत नाही. छेद लहान असला की वेदना कमी होते आणि माणूस लवकर कामावर परततो. महागड्या उपकरणांचे खरे मोल अशा घरातच कळते.

अर्थात प्रत्येक रोगावर हा उपाय चालत नाही. रक्तस्राव आवरेनासा झाला किंवा आतले दृश्य नीट दिसेनासे झाले, तर शल्यविशारद जुन्या रीतीने पोट उघडतो. त्यात त्याचा पराभव नाही, विवेक आहे. कारण छेद लहान ठेवणे हे साधन आहे. माणूस वाचविणे हे साध्य आहे. ज्याला या दोहोंतील भेद कळतो, त्याच्याच हाती शस्त्र शोभते.