कोंढव्याचे जंगल आणि सरकारी तिजोरी

रुवैसमध्ये चार मराठी कुटुंबे जमली की गप्पा फिरून फिरून पुण्यातल्या फ्लॅटवर येतात. म्हणूनच कोंढवा बुद्रुकच्या निकालाविषयी आम्हाला लिहावेसे वाटले.

तिथली ११.८९ हेक्टर जमीन १८७९ पासून राखीव वन. १९९८ साली ती शेतीसाठी म्हणून एका कुटुंबाला दिली गेली आणि पुढच्याच वर्षी गृहनिर्माण संस्थेला विकायची परवानगीही मिळाली! १५ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे सारे रद्द केले.

आम्हाला प्रश्न पडतो तो हिशेबाचा. शेतीसाठी मिळालेली जमीन इमारतींसाठी विकली, तर मधला फरक तिजोरीत थोडाच जातो? वनजमीन रीतसर वळवायची तर १९८० च्या कायद्याने केंद्राची मंजुरी लागते, जंगलाचे मूल्य आणि पर्यायी वनीकरणाचा खर्च भरावा लागतो. आडवाटेने गेले की तेही बुडाले.

न्यायालयाने सर्व राज्यांना बजावले आहे: अशा जमिनी परत घ्या, ते लोकहिताचे नसेल तिथे किंमत वसूल करून जंगलांवर खर्च करा.

येत्या सुट्टीत बुकिंगआधी सातबाऱ्याबरोबर वनखात्याच्या कचेरीतही गट नंबर दाखवून यायचे आमच्यापैकी काहींनी ठरवले आहे.