पाइप बदलला, पण एचपी खरंच वाढला का? डायनोच्या आकड्यांचा प्रामाणिक हिशोब



आजचा विषय थोडा वेगळा आहे. पण स्वतःचं वर्कशॉप टाकायचं स्वप्न बघणाऱ्या प्रत्येकानं तो शेवटपर्यंत वाचावा. गाड्यांचा नाद नसला तरी चालेल, कारण गोष्ट गाडीची असली तरी प्रश्न धंद्याचा आहे: आपण जे विकतो ते खरंच काम करतं, हे सिद्ध कसं करायचं?

आपल्या कोल्हापूरला गाडीचा नाद नवीन नाही. मोहिते रेसिंग अकॅडमीच्या ट्रॅकवर राष्ट्रीय कार्टिंगच्या फेऱ्या झाल्या आहेत. कृष्णराज महाडिक, ध्रुव मोहिते ही इथलीच पोरं शर्यतीच्या ट्रॅकवर उतरली. दुसरीकडं उद्यमनगरात लेथ आणि वेल्डिंगची पिढ्यान्‌पिढ्यांची हातोटी आहे. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्रीतून देशभरात कास्टिंग जातं. नादही आहे आणि हातात कसबही आहे. मग एखाद्या पोराच्या डोक्यात येतंच, "स्पोर्ट्स गाड्यांचे एक्झॉस्ट आपणच का बनवू नयेत?"

कल्पना लय भारी आहे. टिग वेल्डिंग येतं, स्टेनलेसचा पाइप मिळतो, बेंडिंग करून देणारे आहेत. अडचण पुढंच येते. पहिलं पोस्टर छापायला बसलात की त्यावर काय लिहिणार? "१० एचपी वाढ, गॅरंटी!"

थांबा. तो १० कुठून आला?

एक्झॉस्ट बदलल्यावर होतं काय?

इंजिनाला जळलेला धूर बाहेर ढकलावा लागतो. कंपनीचा पाइप बारीक असेल, वळणं दबलेली असतील, सायलेन्सर अडवत असेल, तर त्या ढकलण्यात थोडी ताकद जाते. वाट मोकळी केली की ती ताकद चाकाला मिळते. इतकं साधं आहे.

पण किती मिळते, हे गाडीवर ठरतं. टर्बो नसलेल्या गाडीत फक्त मागचा भाग बदलला, तर वाढ बहुतेक वेळा थोडीच असते. टर्बो गाडीत टर्बोच्या लगेच पुढचा पाइप मोकळा केला, तर फरक जास्त दिसू शकतो, कारण टर्बो त्या धुरावरच फिरतो. आणि पाइप गरजेपेक्षा जाड केला, तर टर्बो नसलेल्या गाडीत खालच्या आरपीएमला ओढ कमीही होऊ शकते. वरच्या आरपीएमला दोन एचपी मिळाले आणि आंबा घाट चढताना गाडी ढिली वाटायला लागली, तर गिऱ्हाईक तुम्हाला काय म्हणेल?

आवाज मात्र हमखास वाढतो. आणि आवाज वाढला की माणसाला गाडी पळतेय असं वाटतं. म्हणून "गाडी एकदम हलकी झाली भावा" या वाक्यावर धंदा उभा करू नका. मोजा.

डायनो काय सांगतो, काय सांगत नाही

डायनो म्हणजे जागेवर रोलरवर गाडी पळवून चाकांपर्यंत किती ताकद येते ते मोजणारं मशीन. त्यातून टॉर्क आणि आरपीएम कळतात, आणि त्यावरून एचपी निघतो. हिशोब सोपा आहे: न्यूटन-मीटरमधला टॉर्क गुणिले आरपीएम, भागिले ७१२१.

इथं पहिली चूक होते. कंपनीच्या ब्रोशरमधला आकडा इंजिनाजवळचा असतो. रोलरवरचा आकडा चाकाचा असतो. मधे गिअरबॉक्स, शाफ्ट आणि टायर थोडी ताकद खातात. त्यामुळं ब्रोशरचा आकडा आणि तुमचा रोलरवरचा आकडा शेजारी ठेवून "एवढा फरक पडला" म्हणणं म्हणजे किलो आणि लिटरची तुलना करणं. दोन्ही आकडे एकाच मशीनवरचे हवेत.

दुसरी चूक हवेची. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरपेक्षा थोडं जास्त उंचीवर आहे. इथं हवेचा दाब मुंबईपेक्षा साधारण ६ टक्के कमी असतो. टर्बो नसलेलं इंजिन इथं जन्मापासूनच थोडं कमी श्वास घेतं. त्यात तापमान आहे. सकाळी २० अंश आणि दुपारी ३५ अंश, एवढ्या फरकानंच त्या इंजिनाची ताकद अडीच-तीन टक्क्यांनी घटते. १०० एचपीच्या गाडीत हे झाले अडीच-तीन एचपी. म्हणजे तुमचा पाइप जेवढं देईल, तेवढंच दुपारचं ऊन काढून घेऊ शकतं. किंवा उलटं: दुपारी जुन्या पाइपवर मोजलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नव्या पाइपवर, तर तुमचं श्रेय थंडीला जातं!

म्हणून डायनोचं सॉफ्टवेअर 'करेक्शन' करतं. म्हणजे आजच्या हवेतला आकडा एका ठरलेल्या हवेतला करून सांगतं. पण ठरलेली हवा एकच नाही. एसएई नावाची पद्धत २५ अंश तापमान धरते. एसटीडी नावाची जुनी पद्धत साधारण साडेपंधरा अंश आणि जास्त दाब धरते. त्यामुळं त्याच गाडीचा, त्याच रनचा आकडा एसटीडीमध्ये सुमारे ४ टक्के मोठा दिसतो. बटण एकच, पण पोस्टर बदलतं. आणि टर्बो गाडीला साधं करेक्शन लावलं तर ते जास्तीचे एचपी दाखवू शकतं, कारण टर्बोचा प्रेशर कॉम्प्युटर सांभाळत असतो.

एकाच दिवसाचे तीन निकाल

आता खरी गंमत बघू. खालचे आकडे मी फक्त उदाहरणासाठी घेतलेत.

सकाळी जुन्या पाइपवर तीन रन घेतले: ९८.४, ९९.१, ९७.९ एचपी. सरासरी ९८.५.

मग नवा पाइप लावला आणि तीन रन: १०१.०, १००.२, १०१.४. सरासरी १००.९.

आता तुम्ही जाहिरात लिहिताय. तीन वाटा आहेत:

१. नव्याचा सगळ्यात चांगला रन आणि जुन्याचा सगळ्यात वाईट रन घेतला, तर १०१.४ वजा ९७.९ म्हणजे साडेतीन एचपी वाढ.

२. त्यावर नव्या रनला एसटीडी करेक्शन लावलं आणि जुना एसएईवरच ठेवला, तर १०१.४ चे १०५.५ होतात. वाढ साडेसात एचपी!

३. दोन्ही सरासऱ्यांची तुलना केली, तर २.४ एचपी.

खोटं मशीन नाही, बनावट कागद नाही. तरीही साडेसात! पोस्टरवर लिहायला काय छान वाटतं ना? आणि गिऱ्हाईकाला त्यातलं काही कळत नाही. आज नाही कळत. पण त्याच्या ग्रुपमधला एक जण पुण्याला जाऊन स्वतः मोजून आला, की तुमचं नाव गेलं.

जुना पाइप परत लावा

मग २.४ तरी खरा का? अजून नाही.

आता ती चाचणी करा जी कोणालाच करायची नसते. नवा पाइप काढा, जुना परत लावा आणि पुन्हा तीन रन घ्या. समजा आले ९९.६, ९९.९, ९९.३. सरासरी ९९.६. जुना पाइप तोच, गाडी तीच, पण एक एचपी जास्त! का? दिवसभरात गिअरबॉक्सचं ऑइल गरम झालं, टायर तापले, मशीन स्थिरावलं. काहीही असेल, पण पाइप नाही.

आता जुन्या पाइपची दोन्ही वेळची सरासरी काढली तर ९९.० येते. म्हणजे नव्या पाइपचं खरं योगदान १.८ एचपी.

साडेसातपासून १.८ पर्यंत आलो आपण. वाईट वाटतं. पण हा आकडा कोणीही, कुठंही, तुमच्यासमोर मोजला तरी साधारण तोच येईल. तुमच्या हातात असलेली ही एकमेव न हलणारी गोष्ट आहे.

खर्च किती वाढला? सहाच्या जागी नऊ रन, आणि पाइप एकदा जास्त काढायचा-घालायचा. वाढीव खर्च आहेच. पण एका नाराज गिऱ्हाईकापेक्षा स्वस्त.

मोजताना एवढं सांभाळा:

– एकच मशीन, एकच दिवस, एकच माणूस
– एकच गिअर, तेवढीच टायरची हवा, पट्टे तेवढेच ताणलेले
– तेच पेट्रोल, इंजिन प्रत्येक वेळी तेवढंच गरम, समोर पंखा तोच
– एकच करेक्शन, आणि ते कुठलं हे कागदावर लिहिलेलं
– सगळे रन दाखवा, फक्त चांगला नाही
– फक्त टोकाचा आकडा नको, पूर्ण आलेख दाखवा, म्हणजे खालच्या आरपीएमची ओढ पण दिसते

मोठ्यांनाही हे चुकलंय

ही फक्त छोट्या वर्कशॉपची गोष्ट नाही. १९९९ साली अमेरिकेत फोर्डनं मस्टँग कोब्रा ही स्पोर्ट्स गाडी ३२० एचपी सांगून विकली. मालकांनी गाड्या डायनोवर चढवल्या आणि आकडे जुळेनात. शेवटी फोर्डला विक्री थांबवावी लागली आणि विकलेल्या गाड्या परत बोलावून इनटेक मॅनिफोल्ड, एक्झॉस्ट आणि कॉम्प्युटरचा प्रोग्राम बदलून द्यावा लागला. २००१ च्या मॉडेलच्या एमएक्स-५ ला माझ्दानं अमेरिकेत १५५ एचपी सांगितले होते. ते नंतर १४२ वर आणावे लागले आणि ज्यांना गाडी परत द्यायची त्यांच्याकडून ती परत विकत घ्यायची तयारी दाखवावी लागली.

त्यांच्याकडं चूक सुधारायला पैसा होता. तुमच्याकडं पहिल्या वर्षी नसेल.

आता कायदा, कारण दंड गिऱ्हाईकाला बसतो

हा भाग गाळू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) प्रमाणं आवाज किंवा धुराच्या मर्यादा मोडणारी गाडी रस्त्यावर चालवली, तर पहिल्या वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा ३ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. शिवाय ३ महिने लायसन्स अपात्र. कलम १८२अ खाली परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागं ५,००० रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. राज्यातल्या कितीतरी शहरांत पोलिसांनी जप्त केलेल्या सायलेन्सरवर रोडरोलर फिरवलाय, तो व्हिडिओ तुम्ही पण बघितला असेल.

एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलंय. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून "मोकळा" पाइप लावला, तर धुराचं प्रमाण बिघडतं आणि गाडीचा कॉम्प्युटर डॅशवर दिवा लावतो. रस्त्यावरच्या गाडीत कन्व्हर्टरला हात लावायचा नाही, ही रेघ आजच मारून घ्या. १.८ एचपीसाठी गिऱ्हाईकाचं लायसन्स धोक्यात घालायचं का, हा प्रश्न स्वतःला विचारा.

मग धंदा कुठं आहे?

आहे ना! फक्त तो पोस्टरवरच्या एचपीत नाही.

ट्रॅकवरच पळणाऱ्या शर्यतीच्या गाड्या आणि कार्ट आहेत, तिथं अर्ध्या एचपीलाही किंमत आहे आणि तिथली माणसं तुमचा कागद नीट वाचतात. जुन्या गाड्या आहेत, ज्यांचा गंजलेला सायलेन्सर कंपनीकडं मिळत नाही. तो मूळ मापात, मूळ आवाजात बनवून देणं हे कसबाचं काम आहे. चिरलेले फ्लँज, फाटलेले जॉइंट आणि गळके पाइप तर रोजच येतात. हलका आणि गंज न धरणारा पाइप, साफ वेल्डिंग, लिहून दिलेली वॉरंटी ही विकायला भरपूर आहे.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट आपल्या शेजारीच शिकायला मिळते. शिरोलीच्या चांगल्या फौंड्रीतून मोठ्या कंपनीला कास्टिंग जातं, तेव्हा सोबत धातूच्या तपासणीचा रिपोर्ट जातो. घेणारा "तुमच्यावर विश्वास आहे" म्हणून माल घेत नाही, कागद बघून घेतो. त्या कागदामुळंच पुढची ऑर्डर येते. तोच कागद तुमच्या पाइपसोबत द्या: नऊ रन, तारीख, तापमान, करेक्शन, पूर्ण आलेख. खाली एक ओळ: "या गाडीत वाढ १.८ एचपी. तुमच्या गाडीत वेगळी येऊ शकते."

शेजारचा "१५ एचपी" लिहील. लिहू दे. पहिले सहा महिने त्याच्याकडं गर्दी जास्त असेल, हे मी तुम्हाला खोटं सांगणार नाही. पण ज्याला मोजता येतं असं गिऱ्हाईक तुमच्याकडं येईल, आणि असं एक गिऱ्हाईक आपल्यासारखे अजून चार घेऊन येतं.

आजचा गृहपाठ

तुम्ही एक्झॉस्ट बनवा, मसाला बनवा किंवा शेतीचं खत विका. तुमच्या जाहिरातीतला सगळ्यात मोठा आकडा वहीत लिहा. त्याच्यासमोर तीन उत्तरं लिहा:

१. हा आकडा कसा मोजला?
२. कशाशी तुलना केली, आणि दोन्ही एकाच परिस्थितीत मोजले का?
३. "जुना पाइप परत लावला" का? म्हणजे आपली वस्तू काढून घेतल्यावर फरक जातो का, हे तपासलं का?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर "नाही" असेल, तर तो आकडा अजून पोस्टरवर लावू नका. आधी मोजा, मग बोला.

भेटूया पुढच्या भागात. तोपर्यंत काम चोख ठेवा, हिशोब त्याहून चोख!