एका दाढेचा हिशेब

सकाळी ८.३०
राहुरीतल्या माझ्या दवाखान्याचा दिवस ऑटोक्लेव्हपासून सुरू होतो. धुतलेली अवजारे पाकिटात बंद करून १२१ अंश सेल्सिअसच्या वाफेत अर्धा तास ठेवायची. प्रत्येक रुग्णाला निर्जंतुक संच द्यायचा तर संचही तेवढे लागतात. इथूनच दर ठरायला लागतो.

१०.००
"डॉक्टर, आमच्या पाहुण्याचं रूट कॅनल निम्म्यात झालं. मलाच एवढं का?" देवळाली प्रवऱ्याचे एक शेतकरी विचारतात. पाहुण्यांचा पुढचा दात होता. "मामा, त्या दाताला बहुतेकदा एकच नळी असते. तुमच्या खालच्या दाढेला तीन आहेत, चौथीही निघू शकते." एक्स-रे उजेडात धरून त्यांना मुळं दाखवतो.

११.००
मामांच्या दाढेवर रबर डॅम बसवतो, म्हणजे थुंकी नळीत उतरत नाही. निकेल-टायटॅनियमच्या बारीक फाइल्स वापरून वापरून थकतात आणि कधी नळीतच तुटतात. त्या वेळेवर टाकून देण्याचा खर्च रुग्णाला दिसत नाही, पण दाढ त्यावरच टिकते.

दुपारी १.३०
नगरच्या लॅबचा माणूस कॅप घेऊन येतो. धातूची, धातूवर सिरॅमिकची, झिर्कोनियाची, प्रत्येकीचं लॅबबिल वेगळं. मागच्या दाढेला साधी धातूची कॅपही उत्तम चालते आणि तिच्यासाठी दाढ कमी घासावी लागते. हे मी प्रत्येकाला आवर्जून सांगतो.

४.००
एका आजींना पूर्ण कवळी हवी आहे, हातात पैसे थोडे. त्यांना लोणीच्या दंत महाविद्यालयाची चिठ्ठी देतो. संगमनेरला आणि नगरलाही अशी महाविद्यालये आहेत. तिथे विद्यार्थी काम करतात आणि शिक्षक प्रत्येक टप्पा तपासतात. फेऱ्या वाढतात, खर्च कमी होतो. "आजी, वेळ लागंल, पण काम नीट होईल."

६.३०
वाकड्या मुळाच्या एका दाढेसाठी रूट कॅनलचे तज्ज्ञ आलेत. त्यांची फी बिलात वेगळी दाखवतो.

८.३०
उद्याच्या रुग्णांचे अंदाजपत्रक लिहितो: दात कोणता, नळ्या किती, कॅप कसली, फेऱ्या किती, एक्स-रे आणि कॅप धरून की वेगळे. हा कागद घेऊन रुग्णाने खुशाल दुसऱ्या डॉक्टरांकडे जावं आणि एकेक ओळ ताडून पाहावी. पैसे त्याचे आहेत, दाढही त्याचीच. हिशेब समजून घेण्याचा त्याला पूर्ण हक्क आहे.