भुशाचे पोते कोण रिकामे करतो?

शेडमध्ये भडका उडाला, मजूर होरपळून मेला की पहिला जबाब ठरलेला असतो : 'आत बिडी पेटवली असेल.' वकिली करताना हे वाक्य आम्ही पुष्कळदा वाचले आहे. मेलेला माणूस उलटतपासणीला येत नाही, हे मालकाला पक्के ठाऊक असते. पण धूळ कुणी साचू दिली, हा सवाल कुणी विचारत नाही.

लाकडाचा बारीक भुसा, ॲल्युमिनियम घासताना उडणारी पूड, पिठीसाखर. जमिनीवर पडलेली ही धूळ निरुपद्रवी दिसते. तीच बंद जागेत हवेत उधळली आणि ठिणगी मिळाली की स्फोट होतो. पहिल्या दणक्याने तुळयांवरची, पत्र्यांवरची धूळ खाली येते आणि दुसरा स्फोट तिचा असतो, बहुधा पहिल्याहून मोठा. धूळ ओढणारे यंत्र मजुराच्या फुप्फुसासाठी हवेच. लाकडाच्या धुळीने कर्करोग होतो हे सिद्ध आहे. पण सगळी धूळ एका पेटीत गोळा होते तेव्हा धोकाही तिथेच गोळा होतो.

चीनमधील कुनशान येथे २ ऑगस्ट २०१४ रोजी हेच घडले. मोटारीच्या चाकांना पॉलिश करणारा कारखाना. धूळ गोळा करणारी यंत्रणा वेळेवर साफ केलेली नव्हती. गंजलेल्या पिंपातली ॲल्युमिनियमची पूड ओलसर झाली, आतल्या आत तापली आणि फुटली. नळ्यांतून तो स्फोट कामाच्या जागेत शिरला. मृतांचा आकडा अखेर १४६ वर गेला. तिथे बिडीची गरज पडली नाही!

आमच्याकडे कायदा नव्हता असे नाही. कारखाने अधिनियम १९४८ चे कलम ३७ स्पष्ट होते : यंत्र बंदिस्त करा, धूळ साचू देऊ नका, ठिणगीची साधने दूर ठेवा, स्फोटाच्या दाबाला वाट ठेवा. त्याआधी, १९४२ ते ४६ या काळात, बाबासाहेब मजूरमंत्री होते. कारखान्यांतील सुरक्षेसाठी केंद्राची सल्लागार यंत्रणा १९४५ साली उभी राहिली ती त्यांच्याच खात्यात. पण मूळ कायद्यात विजेवर चालणारा कारखाना ठरायला दहा कामगार पुरत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या संहितेत वीस लागतात. बारा माणसांच्या फर्निचरच्या शेडमधला भुसा काय हजेरीपट पाहून पेट घेतो?

आणि पोते रिकामे करायला कोण जातो? मशीनवरचा कारागीर नव्हे. कंत्राटदाराने आणलेला झाडलोटीचा माणूस, बहुतेक वेळा आपल्याच वस्तीतला. तोंडाला रुमाल, हातात फावडे. या पेटीत काय भरले आहे हे त्याला कुणी सांगितलेले नसते.

येत्या रविवारी विहारात वंदना झाल्यावर अशा शेडमध्ये जाणाऱ्या पोरांना जवळ बसवा आणि विचारा. पोते रोज, यंत्र बंद करून रिकामे होते का? लोखंड घासणारा ग्राइंडर आणि लाकूड कापणारी मशीन एकाच नळीला जोडली आहे का? नळीला अर्थिंग आहे का? साचलेली धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवतात की नीट ओढून घेतात? ॲल्युमिनियमची पूड ओली तर राहत नाही ना? उत्तरे तारखेसह वहीत लिहा आणि मालकाला लेखी पत्र देऊन पोच घ्या. पुढे 'बिडी'चा जबाब आला तर आम्हाला कोर्टात तीच पोच लागेल.