ताडपत्रीच्या जीपपासून काचबंद बोलेरोपर्यंत: गाडीतल्या आवाजाचा मागोवा

गाडीत बसवलेला स्पीकर कसा वाजेल, हे ठरवण्यात गाडीच्या सांगाड्याचा वाटा मोठा असतो. नंदुरबार जिल्ह्याच्या रस्त्यांवर गेल्या चार दशकांत हा सांगाडाही बदलला आणि आवाज मोजण्याची साधनेही बदलली.

फिलिप्सने १९६३ मध्ये आणलेली कॅसेट भारतात ऐंशीच्या दशकात स्वस्त झाली. नंदुरबार तेव्हा धुळे जिल्ह्यातच होते. वेगळा जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ रोजी. प्रवासी जीपमध्ये टेप आला, त्याला छोट्या दुकानात जुळवलेला अ‍ॅम्प्लिफायर जोडला गेला. त्या काळच्या अशा जुळणीचा जीव टीबीए ८१० किंवा एलए ४४४० या आयसीत असे. एलए ४४४० कडून गाडीच्या बॅटरीवर दोन्ही बाजूंना ६-६ वॉट मिळत, किंवा ब्रिज जोडणी करून एकत्रित १९ वॉट. सोबत पाच किंवा सात पट्ट्यांचा इक्वलायझर आणि गाण्याच्या ठेक्यावर नाचणारे लाल-हिरवे दिवे. गाडीतले पहिले मोजमाप हेच म्हणायचे, पण ते फसवे होते. दिवे तारेतला विद्युत संकेत दाखवत. प्रवाशाच्या कानाशी काय पोहोचते, याची त्यांना गंधवार्ता नसे.

पट्ट्यांची ठेवण बहुतेक गाड्यांत सारखीच: दोन्ही टोकांच्या वर, मधल्या खाली. ढोल घुमावा आणि झांज खणखणावी हा हेतू. गायकाचा आवाज मात्र त्यात मागे पडे. शिवाय ढोल घुमतही नसे. बंद मोटारीची आतली लांबी अडीच मीटर धरली, तर साधारण ७० हर्ट्झच्या खालच्या लहरी तिच्यात मावत नाहीत. तिथे स्पीकर आतल्या हवेवर नुसता दाब टाकत राहतो आणि जसजसे खाली जावे तसतसा बेस फुगत जातो. ताडपत्रीच्या हुडाच्या आणि मागून उघड्या कमांडर जीपमध्ये हा दाब साठतच नाही. त्यात इंजिनाची भर. चार सिलिंडरच्या डिझेल इंजिनात दर फेऱ्याला दोन स्फोट होतात. मिनिटाला २४०० फेरे झाले की घरघर नेमकी ८० हर्ट्झची. तळोद्याहून धडगावला जाताना चांदसैली घाटात गाडी खालच्या गिअरवर चढू लागली की ढोलाची जागा इंजिनच व्यापते. चालक पट्टी आणखी वर ढकली. ६ डेसिबल वाढवायला चौपट शक्ती लागते, ती १९ वॉटच्या आयसीत आणायची कुठून? मग आवाज फाटे आणि दोष स्पीकरच्या माथी जाई.

सीडी आल्यावर मोजून जुळवण्याची रीत हौशी लोकांच्या आवाक्यात आली. चाचणीच्या सीडीवर पिंक नॉइज असतो. त्यात प्रत्येक सप्तकात सारखी ऊर्जा भरलेली असते. तोच सप्तकाच्या एक तृतीयांश रुंदीच्या पट्ट्यांत तोडून वाजवतात आणि ध्वनिमापक चालकाच्या कानाच्या उंचीवर धरून ६३, ८०, १००, १२५ हर्ट्झ अशा प्रत्येक पट्टीचा आकडा कागदावर उतरवतात. इंजिन बंद, काचा वर, मापक ‘सी’ भारांकनावर (म्हणजे खालचे स्वर फारसे न कापणाऱ्या मोजणीवर) आणि मंद प्रतिसादावर. मापक एकाच जागी धरला तर आकडे दगा देतात. वितीएवढे अंतर सरकले तरी वरच्या पट्ट्या बदलतात, म्हणून डोक्याच्या आसपास फिरवून सरासरी घेतात. आलेख काढला की उंचवटे आणि खड्डे दिसतात. उंचवटे कापावेत, खड्डे सहसा भरू नयेत. बरेच खड्डे थेट आलेली लहर आणि काचेवरून परतलेली लहर एकमेकींना मारतात म्हणून पडतात. तिथे शक्ती ओतली तर दोन्ही लहरी सारख्याच वाढतात आणि खड्डा जागच्या जागी राहतो.

ऑगस्ट २००० मध्ये महिंद्राची बोलेरो बाजारात आली. पत्र्याच्या बंद सांगाड्यात जुनी ठेवण गेली, की बेस इतका घुमे की शब्द कळेनात. आवाजाच्या मोजणीसाठीही हेच वर्ष महत्त्वाचे. १४ फेब्रुवारीला ध्वनिप्रदूषण नियम लागू झाले होते: निवासी भागात दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबल. ही मर्यादा ‘ए’ भारांकनातली आहे. १९३३ मध्ये फ्लेचर आणि मन्सन यांनी कानाच्या संवेदनेचे जे आलेख काढले, त्यांतल्या हळू आवाजाच्या आलेखावर ‘ए’ बेतलेले आहे. ते ६३ हर्ट्झवर सुमारे २६ डेसिबल वजा करते. म्हणजे ९० डेसिबलचा दणका मापकावर जेमतेम ६४ दिसतो. मिरवणुकीतला डीजे छाती हादरवतो, पण त्या हादऱ्याचा मोठा भाग मापकाच्या आकड्यात येतच नाही. गाडीतला बेस जुळवायला हे भारांकन निरुपयोगी. तरी मोबाइलवरची अनेक अ‍ॅप सुरू होताच तेच दाखवतात आणि घाईत ते बदलायचे राहून जाते.

मोबाइलचा माइक माणसाच्या बोलण्यासाठी घडवलेला असतो. वाऱ्याची घरघर टाळण्यासाठी अनेक फोनांत खालचे स्वर मुद्दाम गाळले जातात, त्यामुळे बेसचा त्यातला आकडा भरवशाचा नसतो. एकाच फोनने घेतलेल्या आधीच्या आणि नंतरच्या मापांतला फरक मात्र बराच खरा निघतो. जुळवणीला बहुतेक वेळा तेवढे पुरते. खालच्या टोकाची खात्री हवी असेल तर तपासणीपत्रासह मिळणारा यूएसबी माइक आणि लॅपटॉप लागतो.

डीएसपी (डिजिटल सिग्नल प्रोसेसर) आल्यावर ३१ पट्ट्या आणि प्रत्येक स्पीकरला वेगळा विलंब देणे शक्य झाले. उजव्या बाजूला बसलेल्या चालकाला उजवा स्पीकर अर्ध्या मीटरने जवळ असेल, तर त्याचा आवाज सुमारे दीड मिलिसेकंद आधी पोहोचतो. इक्वलायझरला हे सुधारता येत नाही, विलंबाला येते. पण तो एकाच आसनापुरता. ज्या गाडीत मागे समोरासमोर बाकांवर दाटीने माणसे बसतात, तिथे चालकासाठी लावलेला विलंब मागच्यांना उलटाच पडतो. अशा गाडीत विलंब शून्यावर ठेवून चार-पाच आसनांची मापे घेतात आणि त्यांच्या सरासरीवर पट्ट्या लावतात.