मेंढीचा चारा आणि रश्श्यावरची चरबी

रविवारी घरात मटण शिजते. रस्सा उरला तर आपण झाकून ठेवतो. सकाळी झाकण काढावे तो वर पांढरा जाड थर! बांगड्याचे तेल मात्र असे गोठत नाही. आमची डोंगरी भाईंदरजवळ, समुद्राच्या काठी. त्यामुळे आम्हांला दोन्ही चांगले ठाऊक. मासळीचे तेल पातळ आणि मेंढीची चरबी घट्ट, असे का बरे?

मेंढी आधी घाईघाईने चरते. मग सावलीत बसून रवंथ करते. तिच्या पोटाला चार कप्पे असतात. पहिला कप्पा सर्वांत मोठा. खाटीक वजडी विकतो ना, ती याच पोटाची. या कप्प्यात डोळ्यांना न दिसणारे कोट्यवधी बारीक जीव राहतात. तेच गवत आंबवतात. ते नसते तर मेंढीला गवत पचलेच नसते.

आता पाहा गंमत. हिरव्या गवतातही थोडे तेल असते. ते पातळ असते, हृदयाला चांगले असते. पण हे जीव त्यातले बरेचसे तेल घट्ट करून टाकतात. वनस्पती तुपाच्या कारखान्यात तेलाला हायड्रोजन वायू देऊन ते घट्ट करतात. तसाच प्रकार मेंढीच्या पोटात चालतो, तोही फुकट! म्हणून मेंढीची चरबी वितळायला साधारण ४५ अंश किंवा त्याहून जास्त उष्णता लागते. आपले अंग ३७ अंशांचे. गार मटण खाल्ले की चरबी टाळूला चिकटते ती यामुळेच.

डुकराच्या पोटाला असे कप्पे नाहीत. त्याला भुईमूग चारला तर त्यातले तेल थेट चरबीत उतरते आणि चरबी मऊ होते. नुसत्या दुधावरचे कोकरूही तसेच. त्याचा पहिला कप्पा अजून चालू झालेला नसतो. आईचे दूध जसे, तशी त्याची चरबी.

मग मोठ्या मेंढीला काहीही चारा, चरबी एकच, असे म्हणायचे काय? तसे नाही. थोडे तेल त्या जीवांच्या हातून निसटते आणि मांसात जाऊन पोचते. हिरव्या गवतातल्या या तेलाला ओमेगा-३ म्हणतात. मासळीतले चांगले तेल त्याच घराण्यातले. मासळीला ते समुद्रातल्या बारीक हिरव्या वनस्पतींकडून मिळते, मेंढीला गवताकडून. मासळीत ते पुष्कळ, मटणात थोडे. गवत उन्हात वाळले की त्यातले बरेच तेल नाहीसे होते. जवस खाऊ घातला तर मांसात हे तेल वाढते.

पुणे, सातारा बाजूचे धनगर दिवाळीनंतर दख्खनी मेंढ्या घेऊन घाट उतरतात. कोकणात भात कापलेल्या शेतांत कळप बसवतात. शेतकऱ्याला खत मिळते, मेंढीला चारा. पाऊस लागायच्या आत ते परत वर जातात. अशी चालती मेंढी अंगाने काटक असते, तिच्यावर चरबी कमी चढते. बांधून ठेवून मका, ज्वारी चारली की वजन लवकर वाढते. पण त्यात चरबीचा वाटा मोठा असतो, आणि ओमेगा-३ कमी पडते.

धान्याची आणखी एक गोष्ट. स्कॉटलंडात रोवेट नावाची संशोधन संस्था आहे. तिथे १९७० नंतरच्या वर्षांत कोकरांना सातू चारून पाहिला. दळून, दाबून गोळ्या केलेल्या सातूवरच्या कोकरांची चरबी मऊ, तेलकट झाली. अख्ख्या दाण्यांवरच्या कोकरांची घट्ट राहिली. दाणा तोच, फक्त दळण्याचा फरक! मात्र मऊ चरबी म्हणजे चांगली चरबी, असे समजू नका. खाटकाला ती नको असते.

ज्यांच्या दारात शेळ्या-मेंढ्या आहेत त्यांनी जपावे. आमच्या शेजारी एकाने लग्नात उरलेला भात बोकडापुढे टोपलीभर ठेवला. जनावर चांगले भरेल, चार पैसे जास्त येतील, हा हिशेब. बोकडाने तो सगळा फस्त केला. एकदम एवढे धान्य आले की त्या कप्प्यात आंबट साचते. रात्री बोकड दात खाऊ लागला. दुसऱ्या दिवशी गेला. वर्षभराची मेहनत त्याच्याबरोबर गेली. दाणा द्यायचा तर मूठभराने सुरू करावा, दोन आठवड्यांत हळूहळू वाढवावा. पाला-गवत कधी बंद करू नये. जनावर सुस्त दिसले, त्याने रवंथ सोडली, की लगेच गुरांचा डॉक्टर बोलवावा.

मटण घेताना रंगावर जाऊ नका. गवत खाणाऱ्या गाईचे लोणी पिवळे असते, पण मेंढीची चरबी हिरव्या चाऱ्यावरही बहुधा पांढरीच राहते. अंगावरची जाड चरबी मात्र खाटकाला काढायला सांगा. खरे सांगायचे तर चाऱ्याने पडणारा फरक थोडा, सुरीने पडणारा मोठा. आणि सकाळचा तो पांढरा थर चमच्याने उचलून टाकावा. मोरीत ओतू नये. तिथेही तो गोठतो आणि नळी तुंबते.